गेलेल्या हाताचें मोल

आजच्या भाषणाचा विषय कायद्याचा असला तरी तो केवळ वकीलमंडळींचा नाहीं. दुसऱ्याच्या निष्काळजीपणानें घडलेल्या अपघातांत एखाद्याचा हात, पाय, डोळा किंवा समजशक्ति गेली, तर त्याला किती भरपाई मिळावी आणि ती कोणत्या हिशेबानें ठरवावी, हा तो विषय. ज्याला दरमहा पगाराची पावती मिळते त्याच्या बाबतींत हा हिशेब बराच सोपा असतो. ज्याच्या कमाईचा कागदच कोठें नाहीं, त्याच्या बाबतींत तो अवघड होतो. म्हणून आजचीं उदाहरणें मी मुख्यतः वाशीम जिल्ह्याकडे दृष्टि ठेवून घेणार आहें.

वाशीम हा वऱ्हाडांतील शेतकऱ्यांचा व शेतमजुरांचा प्रदेश. १९०५ पर्यंत हा स्वतंत्र जिल्हा होता. पुढें तो अकोल्यांत सामील झाला आणि १ जुलै १९९८ रोजीं पुन्हा वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगांव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे त्याचे सहा तालुके. सोयाबीन व तूर हीं तेथील प्रमुख पिकें. सोयाबीन निघालें कीं ट्रॅक्टरवर चालणारें मळणी यंत्र, ज्याला तिकडे हडंबा म्हणतात, एका शेतांतून दुसऱ्या शेतांत फिरूं लागतें. दिवस थोडे असतात, पावसाची धास्ती असते, मजूर थकलेले असतात. अशा वेळीं पेंढी आंत सारतांना हातहि ओढला जाण्याचें भय असतें. दुसरीकडे नागपूर-मुंबई समृद्धि महामार्ग याच जिल्ह्याच्या कारंजा, मंगरूळपीर व मालेगांव या तालुक्यांतून गेला आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला. यंत्र शेतांत आलें, वेग रस्त्यावर आला. दोहोंचा लाभ कोणी नाकारणार नाहीं. परंतु अपघात झाला म्हणजे त्याचा भार पुष्कळदां अशा माणसावर पडतो कीं, ज्याच्याजवळ दोन हातांखेरीज दुसरें भांडवल नसतें.

अशा माणसाला पैसा मिळण्याच्या वाटा दोन प्रकारच्या आहेत. पहिली वाट ठरीव रकमेची. महाराष्ट्र शासनाच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेंत अपघाती मृत्यूस दोन लाख रुपये, दोन्ही डोळे किंवा दोन अवयव गेल्यास दोन लाख, आणि एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास एक लाख रुपये दिले जातात. मात्र ही योजना खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबांतील एक व्यक्ति यांच्यासाठीं आहे. ज्याच्या नांवें सातबारा नाहीं असा मजूर तिच्याबाहेर राहतो. मोटार वाहन कायद्याच्या १६४ व्या कलमाप्रमाणें, चूक कोणाची हें सिद्ध न करतां, जबर दुखापतीस अडीच लाख रुपये मिळूं शकतात. १९२३ सालच्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यास तर एक कोष्टकच जोडलेलें होतें. अंगठा गेल्यास कमाईची शक्ति शेंकडा ३० गेली, एका हाताचीं चारी बोटें गेल्यास शेंकडा ५०, आणि दुसरा डोळा शाबूत असतां एक डोळा गेल्यास शेंकडा ४०, असें त्यांत लिहिलेलें असे. हा कायदा पुढें २०२० सालच्या सामाजिक सुरक्षा संहितेंत सामावला गेला.

ठरीव रकमेचा गुण उघड आहे. ती लवकर मिळूं शकते आणि तिला फारसा वाद लागत नाहीं. घरांत कमावता माणूस खाटेवर पडला असतां लवकर मिळालेल्या एका लाखाची योग्यता कोणी कमी समजूं नये. परंतु तिचा दोषहि तितकाच उघड आहे. ती अवयवाकडे पाहते. तो अवयव ज्याचा होता त्या माणसाकडे पाहत नाहीं. वीस वर्षांच्या तरुणाचा हात आणि साठ वर्षांच्या वृद्धाचा हात, सुताराचा हात आणि शिक्षकाचा हात, तिच्या लेखीं सारखेच.

दुसरी वाट मोजणीची. मोटारीच्या अपघातांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढें, आणि इतर अपघातांत दिवाणी न्यायालयापुढें, त्या विशिष्ट माणसाचें नुकसान काय झालें हें मोजावयाचें असतें. गेलेला अवयव पैशानें परत येत नाहीं हें सर्वांना कळतें. कायदाहि तसें वचन देत नाहीं. त्याचें म्हणणें एवढेंच कीं, अपघात झाला नसता तर हा मनुष्य ज्या स्थितींत असता, त्या स्थितीच्या जितकें जवळ त्याला पैशानें नेतां येईल तितकें न्यावें.

ही मोजणी कशी मांडावी हें सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं, अपघातानें कमरेखालीं लुळें पडलेल्या मुंबईच्या एका वकिलाच्या खटल्यांत, आणि पुढें ऑक्टोबर २०१० मध्यें न्यायमूर्ति रवींद्रन् यांच्या निकालपत्रांत, विस्तारानें सांगितलें आहे. नुकसानाचे दोन भाग करावयाचे. पहिला भाग पैशांत दाखवितां येणारा. त्यांत औषधपाणी, इस्पितळ, जाणें-येणें व पौष्टिक आहार यांचा खर्च; उपचारांच्या काळांत बुडालेली मजुरी; कायमच्या अपंगत्वामुळें पुढें बुडणारी कमाई; आणि पुढील उपचारांचा खर्च, या बाबी येतात. दुसरा भाग पैशांत दाखवितां न येणारा. त्यांत वेदना व मनस्ताप, जीवनांतील साध्या सुखांना मुकणें, विवाहाची आशा मावळणें, आणि आयुष्याची मर्यादा घटणें, या बाबी येतात. किरकोळ दुखापतींत झालेला खर्च, बुडालेली मजुरी व वेदना एवढ्यावर काम भागतें. गंभीर दुखापतींत मात्र, वैद्यकीय पुरावा असल्यास, प्रत्येक बाबीचा स्वतंत्र विचार करणें प्राप्त आहे.

पुढील उपचारांची बाब वरवर लहान वाटते, पण ती तशी नाहीं. कृत्रिम पाय एकदां बसविला म्हणजे तो जन्माला पुरत नाहीं. तो कांहीं वर्षांनीं झिजतो, बदलावा लागतो, आणि मध्यंतरीं त्याची दुरुस्तीहि करावी लागते. म्हणून तिशींतील मनुष्याला एकाच कृत्रिम पायाची किंमत देऊन हिशेब मिटविणें म्हणजे पांच-सहा वर्षांनीं त्याला पुन्हा कुबड्यांवर आणणें होय. २०२२ सालच्या एका निकालांत सर्वोच्च न्यायालयानें हें ओळखून एकाहून अधिक कृत्रिम पायांचा खर्च धरला.

परंतु सर्वांत मोठी रक्कम बहुधा पुढें बुडणाऱ्या कमाईची असते, आणि खरा घोटाळाहि तेथेंच होतो. २०१० च्या निकालाचें मर्म असें कीं, अवयव किती गेला हा एक प्रश्न आहे, आणि कमाई किती गेली हा अगदीं वेगळा प्रश्न आहे. पहिल्याचें उत्तर डॉक्टरनें द्यावयाचें, दुसऱ्याचें न्यायाधीशानें. डॉक्टरच्या दाखल्यांत शेंकडा ४५ असें लिहिलें असेल, तर तो आंकडा त्या एका पायापुरता आहे कीं सर्व शरीराचा, हें आधीं विचारलें पाहिजे. त्यानंतर, अपघातापूर्वीं हा मनुष्य काय काम करीत होता, आतां त्याला कोणतें काम करतां येईल आणि कोणतें येणार नाहीं, हें पाहिलें पाहिजे. न्यायालयानें स्वतःच दिलेलें उदाहरण असें आहे: डावा हात तुटल्यास अपंगत्व सुमारें शेंकडा ६० धरलें जाईल, पण तो मनुष्य मोटारचालक किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शेंकडा १०० बुडाली, आणि तो सरकारी कारकून असेल तर त्याची नोकरी कदाचित् टिकूनहि राहील. कारकुनाला या बाबीखालीं थोडें मिळेल, मात्र सुखांना मुकण्याच्या बाबीखालीं त्याला अधिक मिळालें पाहिजे.

आतां हा हिशेब आंकड्यांनीं करून पाहूं. समजा, कारंज्याचा एक ट्रॅक्टरचालक आणि मंगरूळपीरचा एक किराणा दुकानदार, दोघेहि बत्तीस वर्षांचे, दोघांचीहि कमाई महिना रु. १२,०००, आणि रस्त्यावरील अपघातांत दोघांचाहि उजवा हात गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायमूर्तींच्या पीठानें २०१७ सालीं ठरविल्याप्रमाणें, स्वतःचा धंदा करणाऱ्या चाळिशीच्या आंतील माणसाच्या कमाईंत भविष्यांतील वाढीसाठीं शेंकडा ४० मिळवावयाचे. तो निकाल मृत्यूच्या दाव्यांतील होता; परंतु कायमच्या अपंगत्वाच्या दाव्यांतहि ही वाढ दिली पाहिजे हें २०२० सालीं स्पष्ट झालें. म्हणजे महिन्याचे रु. १६,८०० झाले, वर्षाचे रु. २,०१,६००. त्याला वयाच्या गुणकानें गुणावयाचें. २००९ सालीं निश्चित झालेल्या कोष्टकांत एकतीस ते पस्तीस या वयासाठीं हा गुणक १६ आहे. गुणाकार येतो रु. ३२,२५,६००. ट्रॅक्टरचालकाची कमाई सर्वस्वीं बुडाली असें ठरलें तर त्याला ही पूर्ण रक्कम मिळेल. दुकानदार दुसऱ्या हातानें व एखाद्या पोऱ्याच्या मदतीनें दुकान चालवूं शकेल असें पाहून न्यायाधीशानें त्याचें नुकसान शेंकडा ४० धरलें, तर त्याला रु. १२,९०,२४० मिळतील. जखम तीच, वय तेंच, कमाई तीच. पण त्या हातावर कोणाचें किती अवलंबून होतें यांत अंतर आहे, आणि भरपाईतील अंतर तेवढ्यासाठींच आहे.

कोणी विचारील, बत्तीस वर्षांच्या माणसाला अजून तीस वर्षें काम करावयाचें होतें, मग गुणक १६ च कां? त्याचें कारण असें कीं, तीस वर्षांत थोडी थोडी मिळावयाची रक्कम त्याला आजच एकरकमी मिळते. ती ठेवींत राहिली तर व्याज देते. व्याज व थोडें मुद्दल मिळून दरवर्षीं खर्च भागावा, आणि कमावत्या वयाच्या अखेरीस मुद्दल संपावें, असा तो अंदाज आहे. आयुष्याची अनिश्चितताहि त्यांत धरलेली आहे. आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. मृत्यूच्या दाव्यांत मृताच्या स्वतःच्या खर्चाचा भाग कमाईंतून वजा करतात. जखमीच्या दाव्यांत तशी वजावट करीत नाहींत. कारण तो जिवंत आहे, त्याला जेवावयाचें आहे.

हिशेबाचा सांगाडा असा पक्का असला तरी त्याचा पाया मासिक कमाईच्या आंकड्यावर उभा आहे, आणि वाशीमसारख्या जिल्ह्यांत नेमका तोच आंकडा हातीं लागत नाहीं. शेतमजुराला पावती कोण देतो? सोंगणीचे दिवस वेगळे, वेचणीचे वेगळे, मधले रिकामे. विमा कंपनीचा वकील विचारतो, "कमाईचा पुरावा काय?" आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यांतील मनुष्य गप्प राहतो. त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ कमाई नव्हती असा घेतला गेला, तर वरच्या सगळ्या गुणाकाराचें फळ अर्ध्यावर येतें. बंगळुराच्या एका मजुराच्या बाबतींत असेंच झालें होतें. तो महिना साडेचार हजारांची कमाई सांगत होता. न्यायाधिकरणानें तीन हजार धरली. २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्याचा आंकडा मान्य केला. अशा माणसाकडून कागदपत्रांची अपेक्षा करणें योग्य नाहीं, आणि त्याचें सांगणें त्या काळच्या मजुरीशीं जुळत असेल तर तें मानावें, असा त्याचा आशय आहे.

स्त्रियांच्या बाबतींत ही अडचण दुप्पट होते. जमशेदपूर येथें १९८९ सालीं झालेल्या आगीच्या दुर्घटनेच्या प्रकरणांत, २००१ सालीं, गृहिणीच्या घरकामाचें मोल महिना रु. ३,००० धरलें गेलें. जानेवारी २०२१ मध्यें न्यायालयानें पुन्हा सांगितलें कीं, घर सांभाळणाऱ्या स्त्रीच्या श्रमाचें मोल न धरणें हें तिच्या श्रमास श्रमच न मानण्यासारखें आहे. हे निकाल मृत्यूच्या दाव्यांतील असले तरी त्यांतील तत्त्व जखमी स्त्रीलाहि तितकेंच लागू पडतें. आतां ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याचा विचार करा. मराठवाड्या-विदर्भांतील अनेक गांवांतून व तांड्यांतून अशीं जोडपीं दर हंगामाला बाहेर पडतात. मुकादमाच्या वहींत नवरा-बायको मिळून एक "कोयता" लिहिला जातो. उचलहि त्या कोयत्याला मिळते. वाटेंत गाडी उलटून त्या बाईचा पाय गेला, तर वहींत तिचें नांव नाहीं, तिची मजुरी नाहीं. पण ती कामावर गेली नाहीं कीं कोयता मोडतो आणि नवऱ्याचीहि उचल फिटत नाहीं. वहींत जी एक ओळ आहे तींत दोन माणसांचे श्रम आहेत, हें न्यायालयापुढें मांडणारा कोणी पाहिजे.

मुलांचें तर पुढचें सगळेंच आयुष्य अंदाजाचें. हरियाणांतील एका बारा वर्षांच्या मुलीच्या मेंदूला २००७ सालच्या अपघातांत जबर इजा झाली आणि ती जन्माची परावलंबी झाली. फेब्रुवारी २०२० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तिला रु. ६२,२७,००० मंजूर केले. त्या निकालांतील एक बाब विशेष ध्यानांत घ्यावी अशी आहे. तिच्याजवळ अहोरात्र माणूस लागणार, म्हणून न्यायालयानें दोन सेविकांचे प्रत्येकीं रु. ५,००० प्रमाणें महिना रु. १०,००० धरले आणि त्यालाहि १८ चा गुणक लावला. या एकाच बाबीचे रु. २१,६०,००० झाले. आपल्याकडे अशा मुलाची सेवा आई करते, आणि आईच्या सेवेला पैसे पडत नाहींत म्हणून ती हिशेबांत धरण्याचें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. परंतु ती आई पूर्वीं निंदणीला जात होती. आतां जात नाहीं. त्या घरांत अपघातानें एक नव्हे, दोन माणसांचे हात अडकले.

राहतां राहिला वेदनेचा प्रश्न. वेदनेला बाजारभाव नाहीं, त्यामुळें येथें कोणताहि आंकडा थोडाफार मनानेंच घ्यावा लागतो. तरीहि तो वाऱ्यावर सोडलेला नसतो. किती शस्त्रक्रिया झाल्या, किती महिने अंथरुणांत गेले, वय काय, शौचाला जाण्यासाठीं दुसऱ्याचा आधार लागतो कीं काय, असल्या साध्या प्रश्नांच्या उत्तरांवरून तो ठरतो. हीं उत्तरें कागदावर आलींच नाहींत, तर न्यायाधीशाची सहानुभूति असूनहि रक्कम लहानच राहते.

एक शेवटची काळजी रक्कम मिळाल्यानंतरची आहे. मोठी रक्कम हातीं आली कीं सावकार, सोयरेधायरे व सल्लागार भोंवतीं जमतात. म्हणून केरळांतील एका खटल्यांत, नव्वदीच्या दशकाच्या आरंभीं, सर्वोच्च न्यायालयानें असें मार्गदर्शन केलें कीं, अज्ञान मुलांची व निरक्षर दावेदारांची रक्कम मुदतीच्या ठेवींत गुंतवावी, व्याज त्यांना मिळत राहावें, आणि खऱ्या निकडीला परवानगीनें मुद्दल काढतां यावें. ज्या रकमेवर सोळा वर्षांचा हिशेब बांधला आहे ती सोळा महिन्यांत संपली, तर सर्व मोजणी व्यर्थ होय.

श्रोतेहो, यांत आपण काय करावें? आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं कामाला बाई येते, शेतावर सालदार असतो, दुकानांत हमाल असतो. त्यांना किती मजुरी देतों याची तारखेसह एक साधी वही आपण ठेवावी. उद्यां दुर्दैवानें प्रसंग आलाच, तर त्या वहीचें एक पान त्यांच्या उपयोगी पडेल. ओळखीच्या कोणाला अपघात झाल्यास पोलिसांतील फिर्यादीची नक्कल, इस्पितळांतून घरीं सोडल्याचा कागद, औषधांच्या व गाडीभाड्याच्या पावत्या जपून ठेवण्यास त्याला सांगावें. दूध संकलनाचें पुस्तक, रोजगार हमीचें कार्ड, बचत गटाची वही, बाजार समितींतील हिशेबपट्टी, यांतूनहि कमाईचा माग लागतो. ज्या डॉक्टरनें उपचार केले त्याची साक्ष व्हावी असा आग्रह धरावा. नुसता दाखला पुरत नाहीं. मोटार अपघाताच्या दाव्यासाठीं १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांची मुदत कायद्यांत घातली आहे. तिच्याबद्दल न्यायालयांत वाद झाला असला तरी जखमीनें त्या वादाच्या भरंवशावर न राहतां मुदत पाळावी हें उत्तम.

आणि वर्तमानपत्रांत एखाद्या जखमीला तीस लाख मिळाल्याचें वाचून "नशीब उघडलें" असें म्हणण्यापूर्वीं आपण तो आंकडा मनांत उलट सोडवून पाहावा. त्याला गुणकानें भागावें, बारा महिन्यांनीं भागावें, म्हणजे त्या माणसाची महिन्याची मजुरी उरते. ती त्याला कामानें मिळाली असती. आतां तीच त्याला कामाविना आणि हाताविना पुरवून खावयाची आहे.